खिशांतला संगणक मेजावर

जून महिना तोंडावर आला कीं शहरांतील मध्यमवर्गीय बिऱ्हाडांत एक वाद हटकून निघतो. मुलगी अकरावींत जाणार असते, अभ्यासाला संगणक पाहिजे असें तिचें म्हणणें असतें, आणि वडील हातांतला स्मार्टफोन वर धरून विचारतात, "हा काय संगणक नव्हे? याला किती पैसे मोजले ठाऊक आहे ना ?" दोन्ही पक्षांचें म्हणणें बरेंचसें खरें असल्यामुळें वाद लवकर मिटत नाहीं. खिशांतलें हें यंत्र मेजावरच्या संगणकाची जागा घेऊं शकतें काय, आणि घेऊं शकत असेल तर कोणाच्या घरीं व कोणत्या कामापुरती, याचा शांतपणें विचार होणें म्हणूनच अवश्य आहे. हा प्रश्न निव्वळ हौसेचा नाहीं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरींत, म्हणजे 2017-18 सालीं, भारतांतील शहरी कुटुंबांपैकीं 23.4 टक्के कुटुंबांतच संगणक असल्याचें आढळलें. खेड्यांतील प्रमाण तर अवघें 4.4 टक्के होतें. पुढें 2020 सालीं साथीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां असंख्य मुलांचा वर्ग फोनच्या वीतभर पडद्यावर भरला. त्या वेळीं ज्या घरांत संगणक नव्हता त्या घरांना हा प्रश्न प्रथमच टोंचला, आणि तो अजून सुटलेला नाहीं.

आधीं वडिलांची बाजू पाहावी. शक्तीच्या दृष्टीनें फोन हा पुरा संगणक आहे, नुसता संगणकासारखा नव्हे. हिशेब करणारा प्रोसेसर त्यांत आहे, चालू काम तात्पुरतें मांडून ठेवणारी रॅम आहे, आणि संपलेलें काम जपून ठेवण्याची जागाहि आहे. गंमत अशी कीं, आजच्या बहुतेक सर्व फोनांत ज्या एआरएम घराण्याचे प्रोसेसर असतात, तें घराणें मूळचें मेजावरचेंच. इंग्लंडांत केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीनें 1985 सालीं त्याचा पहिला नमुना तयार केला, तो आपल्या मेजावरच्या संगणकांसाठीं. 1987 सालीं आर्किमिडीज नांवाचा संगणक त्यावर निघाला. थोड्या आज्ञा, सुटसुटीत रचना आणि विजेचा अत्यल्प खर्च हे त्याचे गुण. मेजावर विजेचा दुष्काळ नसल्यानें या तिसऱ्या गुणाचें तेथें फारसें कौतुक झालें नाहीं. बॅटरीवर चालणारीं यंत्रें आलीं तेव्हां मात्र त्याचें भाग्य उघडलें. पुढें 2020 सालीं अॅपल कंपनीनें आपल्या संगणकांत इंटेलच्या प्रोसेसरांऐवजीं एम-1 हा स्वतःचा प्रोसेसर घालण्यास आरंभ केला, आणि तो तिच्या आयफोनांतील प्रोसेसरांच्याच वंशांतला होता. मेजावरून खिशांत गेलेलें घराणें असें 35 वर्षांनीं पुन्हां मेजावर येऊन बसलें.

तेव्हां फोनमध्यें बुद्धि नाहीं असें कोणीं म्हणूं नये. फरक आहे तो दमाचा. मेजावरच्या संगणकांत पंखा असतो. प्रोसेसर तापला कीं पंखा वारा घालतो व काम चालू राहतें. फोनला पंखा सहसा नसतो. त्याची उष्णता त्याच्या पाठींतूनच बाहेर पडावयाची, आणि ती पाठ मनुष्याच्या तळव्यावर टेकलेली. म्हणून फोन फार तापूं लागला कीं स्वतःच आपला वेग कमी करतो. पत्र लिहिणें, हिशेबाचा तक्ता भरणें, वर्तमानपत्र वाचणें या कामांत हें जाणवतहि नाहीं. परंतु तासभराच्या चलच्चित्राची कापणी-जोडणी करावयास बसल्यास पहिलीं दहा मिनिटें जो वेग दिसतो तो पुढें टिकेलच असें नाहीं. फोन धांवण्यांत चपळ आहे, ओझें वाहण्यांत नव्हे.

पण मुलीचें म्हणणें दमाविषयीं नसतेंच. तिची अडचण साधी असते : तिला एका बाजूस धडा आणि दुसऱ्या बाजूस वही उघडून ठेवावयाची असते. फोनवर तसें नीटसें करतां येत नाहीं. सुमारे साडेसहा इंचांचा फोन व 24 इंचांचा मॉनिटर यांच्या पडद्यांचें क्षेत्रफळ काढलें तर मॉनिटर जवळ जवळ पंधरा पट भरतो. आणि फोनवर लिहावयास घेतलें कीं कळांचा फलक वर येऊन त्या चिमुकल्या पडद्याचा मोठा भाग गिळून टाकतो. उरलेल्या दोन बोटें जागेंत निबंध लिहिणारास आपण मागच्या परिच्छेदांत काय लिहिलें तें दिसत नाहीं. पाटीवर गणित सोडवितांना जागा संपली कीं वरच्या ओळी पुसाव्या लागत, तसाच हा प्रकार. भाषांतर करणारास मूळ, कोश व आपला मजकूर हे तिन्ही एकदम नजरेसमोर लागतात. वकिलास दोन दस्तऐवज ताडून पाहावे लागतात. हिशेबनिसास वीस रकाने एका दृष्टिक्षेपांत हवे असतात. मेजावरच्या संगणकाचा खरा मोठेपणा त्याच्या पेटींत नसून या पसरून बसण्याच्या सोयींत आहे.

याच ठिकाणीं चतुर लोकांना एक कल्पना सुचली. बुद्धि फोनमध्यें आहेच. मग पडदा, कीबोर्ड व माऊस एवढेच बाहेरून जोडले तर? कल्पना सरळ आहे, पण तिचा इतिहास फसगतींनीं भरलेला आहे. मोटोरोला कंपनीनें 2011 सालीं एट्रिक्स नांवाचा फोन काढला आणि त्याबरोबर लॅपटॉपसारखें दिसणारें एक कवच विकावयास ठेवलें. त्यास पडदा होता, कीबोर्ड होता, बॅटरी होती. मेंदू तेवढा नव्हता. फोन पाठीमागें खोंचला म्हणजे कवच जिवंत व्हावयाचें. अमेरिकेंत त्या कवचाची सुटी किंमत 500 डॉलर होती, आणि तेवढ्याच पैशांत मेंदूसकट सबंध लॅपटॉप मिळत असे. मग कवच कोण घेणार? पुढच्याच वर्षीं कंपनीनें तो नाद सोडला. 2013 सालीं लंडनच्या कॅनॉनिकल कंपनीनें उबुंटू एज नांवाच्या अशाच फोनसाठीं लोकांकडे आगाऊ पैसा मागितला. महिन्याभरांत 3 कोटी 20 लाख डॉलर जमवावयाचे होते. जमले सव्वा कोटीच्या थोडे वर, आणि तो फोन जन्मासच आला नाहीं. मायक्रोसॉफ्टनें 2015 सालीं ल्यूमिया 950 या फोनला पडदा जोडण्याची सोय दिली. दिसावयास तें हुबेहूब विंडोज; परंतु विंडोजवरचे जुने, लोकांच्या संवयीचे प्रोग्राम त्यावर चालत नसत. दुकानाची पाटी ओळखीची आणि आंत माल निराळा, अशी गत झाली. 2020 च्या आरंभीं त्या फोनांच्या प्रणालीचा आधारच कंपनीनें काढून घेतला.

या सर्वांत टिकला तो सॅमसंग कंपनीचा डेक्स नांवाचा प्रयोग. 2017 सालीं गॅलॅक्सी एस-8 या फोनबरोबर तो आला. आरंभीं फोन एका बैठकींत बसवावा लागे. 2018 पासून नुसती योग्य ती तार पुरूं लागली आणि 2020 पासून तारेवांचूनहि कांहीं टेलिव्हिजनांशीं जोडणी होऊं लागली. तार लावली कीं पडद्यावर फोनचें चित्र मोठें होऊन येत नाहीं, तर मेजावरच्या संगणकाची मांडणी उघडते : खालीं पट्टी, वर निरनिराळ्या खिडक्या, खिडक्या ओढाव्या, लहानमोठ्या कराव्या, शेजारीं शेजारीं ठेवाव्या. हाताशीं माऊस नसल्यास खुद्द फोनचा पडदा बोट फिरविण्याची पाटी बनतो. मधेंच फोन वाजला तर तो उचलून बोलतांहि येतें. पडद्यावरील काम जागच्या जागीं राहतें. मोटोरोलानेंहि 2021 सालीं रेडी फॉर या नांवानें पुन्हां असा प्रयत्न केला, आणि मे 2025 मध्यें गूगलनें सॅमसंगच्या सहकार्यानें ही मांडणी मूळ अँड्रॉइडमध्येंच आणण्याचें जाहीर केलें. एका कंपनीची लहर म्हणून जी गोष्ट सोडून देतां आली असती, ती यापुढें तशी सोडून देतां येणार नाहीं.

मात्र दुकानांत जाणारानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. फोनच्या खालच्या बाजूस जें लांबट, दोन्हीकडून बसणारें छिद्र असतें त्यास यूएसबी टाइप-सी म्हणतात. 2014 सालीं त्याचें प्रमाण ठरलें. त्या एवढ्याशा जागेंत 24 जोड असतात, आणि वीज, मजकूर व चित्र या तिन्हींची ये-जा त्यांतून होऊं शकते. होऊं शकते, होतेच असें नव्हे. छिद्राचा आकार एक असला तरी आंतील तारा बनविणारानें जोडल्या असतील तरच चित्र बाहेर पडतें. स्वस्त फोनांत ते जोड बहुधा नुसत्या चार्जिंगपुरते व हळू गतीच्या मजकुरापुरते असतात. डेक्सची सोयहि त्या कंपनीच्या वरच्या मालिकांतच मिळते. स्वस्त मालिकांत सहसा नाहीं. फार काय, गूगलच्या पिक्सेल 8 या महागड्या फोनला 2023 सालीं तो बाजारांत आला तेव्हां हें जमत नव्हतें. जून 2024 मध्यें सुधारणा पाठवून तें सुरू करण्यांत आलें. अॅपलच्या आयफोन 15 ला 2023 सालीं हेंच छिद्र मिळालें आणि मॉनिटरवर चित्रहि दिसूं लागलें, परंतु तें फोनचेंच प्रतिबिंब. खिडक्यांची मांडणी त्यासोबत आली नाहीं. यांत एक विपरीत न्याय आहे आणि तो झांकण्यांत अर्थ नाहीं. ज्या घरीं दुसरें यंत्र घेण्याची ऐपत नाहीं, त्याच घरीं स्वस्तांतला फोन असतो, आणि संगणक होण्यास नेमका तोच फोन असमर्थ असतो. ज्याच्या फोनला हें साधतें त्याच्या घरीं बहुधा लॅपटॉप आधींच असतो.

समजा, फोन योग्य मिळाला, घरच्या टेलिव्हिजनला तार लागली, मांडणी उघडली. आतां काम कोणतें तें पाहावें. पत्रव्यवहार, निबंध, साधे तक्ते, व्याख्यानें ऐकणें, सरकारी कागद मिळविणें, बँकेचे व्यवहार, वीजबिल हें सारें फोनवर उत्तम होतें. यूपीआयसारख्या कांहीं गोष्टी तर संगणकापेक्षां फोनवरच सहज होतात. ज्या घराचें काम एवढेंच आहे त्यानें संगणक घेतला नाहीं तरी त्याचें कांहीं अडणार नाहीं. अडतें तें व्यवसायाच्या ठिकाणीं. व्यापाऱ्याच्या पेढीवरचें टॅली विंडोजसाठीं बनलेलें आहे. एक्सेलच्या तक्त्यांत ज्यांनीं आपोआप चालणाऱ्या आज्ञा लिहून ठेवल्या आहेत, त्यांचे तक्ते फोनवरच्या एक्सेलमध्यें उघडतात खरे, पण त्या आज्ञा तेथें मुक्या होतात. फोनवरचें अॅप आणि संगणकावरचा प्रोग्राम यांचें नांव पुष्कळदां एकच असतें. तेवढ्यावरून दोघांना जुळे भाऊ मानण्याचें कारण नाहीं.

मराठी माणसाची आणखी एक खास अडचण आहे. देवनागरी लिपि युनिकोडमध्यें 1991 पासून आहे; परंतु आपल्याकडील छापखान्यांनीं, मासिकांनीं व अनेक कचेऱ्यांनीं त्यानंतरहि कित्येक वर्षें निरनिराळ्या जुन्या फॉन्टांतच मजकूर जुळविला. त्या पद्धतींत संगणकाच्या लेखीं अक्षर रोमनच असे. त्यावर मराठीचा मुखवटा तेवढा चढविलेला. अशी जुनी फाइल फोनवर उघडली कीं मुखवटा गळून पडतो आणि समोर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक कचरा दिसतो. एखाद्या संस्थेचा वीस वर्षांचा अहवाल किंवा एखाद्या लेखकाचें जुनें हस्तलिखित अशा फाइलींत अडकलें असेल, तर तें युनिकोडमध्यें उतरवून घेईपर्यंत जुना संगणक भंगारांत देऊं नये. नव्या लेखनाची गोष्ट निराळी. गूगलनें ऑगस्ट 2017 मध्यें बोलून टंकण्याची सोय मराठीस दिली. तेव्हांपासून ज्यांचीं बोटें म्हातारपणीं चालत नाहींत अशा पुष्कळांच्या हातीं पुन्हां पत्र लिहिण्याची शक्ति आली आहे. दहा बोटांनीं लिहिणारास इन्स्क्रिप्टची रचना उत्तम. तींत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि व्यंजनें मुख्यतः उजव्या हाताकडे असल्यानें हात आलटून पालटून चालतात. एक सावधगिरी मात्र हवी : फोनच्या पडद्यावरील मराठी कळा आणि बाहेरून जोडलेला कीबोर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवर मराठी उमटतें म्हणून दुसरीवरहि उमटेलच असें नाहीं. आपल्याच फोनला दुकानदाराचा कीबोर्ड जोडून "ज्ञानेश्वर", "कृष्ण", "ऱ्हस्व" एवढे तीन शब्द लिहून पाहावे. हे तीन उमटले तर पुढची फारशी चिंता नाहीं.

मुलीच्या बाजूनें आणखी एक मुद्दा आहे, आणि तो वडिलांना सहसा सुचत नाहीं. अभियांत्रिकीच्या प्रवेशाची जेईई मेन ही परीक्षा आणि महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी ह्या दोन्ही 2019 पासून संगणकावर घेतल्या जाऊं लागल्या. परीक्षेच्या केंद्रावर समोर मॉनिटर असतो आणि हाताखालीं माऊस. जिनें आयुष्यांत फक्त बोटानें पडदा सरकविला तिला पहिली पांच-दहा मिनिटें माऊस वळविण्यांत घालवावीं लागलीं, तर तेवढ्या वेळांत तिच्या शेजारणीचे चार प्रश्न सुटलेले असतात. येथें फोनला जोडलेला मॉनिटर व माऊस उपयोगी पडतात, कारण हाताची संवय तीच लागते. पेटी कोणती याच्याशीं त्या संवयीला कर्तव्य नाहीं.

शरीराचीहि गोष्ट आहे. न्यूयॉर्कचे पाठीच्या कण्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनीं 2014 सालीं गणितानें असा अंदाज मांडला कीं, मान 60 अंश खालीं वांकविली असतां कण्यावर पडणारा भार सुमारे 27 किलोग्रॅमपर्यंत जातो; ताठ मानेनें बसल्यास तो डोक्याच्या वजनाएवढाच, म्हणजे पांच किलोग्रॅमच्या आसपास असतो. हा आंकडा प्रत्यक्ष मोजलेला नसून हिशेबानें काढलेला आहे हें खरें. तथापि रात्रीं अकरापर्यंत फोनवर वांकलेल्या मुलाची मान पाहिली म्हणजे हिशेबाची फारशी गरज उरत नाहीं. डोळ्यांच्या उंचीवर पडदा आणि कोपराच्या उंचीवर कीबोर्ड ही मांडणी पोराच्या पाठीला मानवते. टेलिव्हिजनच मॉनिटर म्हणून वापरावयाचा असल्यास बसण्याचें अंतर मात्र जपावें. तो दुरून पाहण्यासाठीं बनलेला असतो. जवळून बारीक अक्षर पुष्कळदां भुरकट दिसतें, आणि चित्राच्या कडाहि कापल्या जातात. टेलिव्हिजनच्या मांडणींत चित्र पूर्ण बसविण्याची सोय असते ती शोधून काढावी. तारेवांचूनची जोडणी चित्रपटाला ठीक. लिहितांना कळ दाबल्यावर अक्षर किंचित् उशीरा उमटतें आणि लिहिणारा वैतागतो.

इतकें सारें जमून आल्यावर एक अडचण उरते, आणि ती यंत्राची नव्हे, घराची आहे. मेजावरचा संगणक घरांतील चौघांचा असतो. सकाळीं आई त्यावर बसते, दुपारीं मुलगी, रात्रीं वडील. वाड्यांतल्या विहिरीसारखी त्याची मालकी असते. फोन हा ज्याचा त्याचा तांब्या. वडील सकाळीं साडेआठला कचेरीला निघाले कीं घरचा संगणक त्यांच्याबरोबर लोकल गाडींत बसून जातो, आणि मुलीच्या समोर मॉनिटर, कीबोर्ड व माऊस हीं तीन मुकीं भांडीं उरतात. संध्याकाळीं वडील परत आले तरी फोन निर्वेधपणें हातीं येत नाहीं. त्यावर बँकेचे निरोप येतात, साहेबांचे येतात, नातेवाइकांचे येतात, आणि मुलीच्या निबंधाच्या मधोमध ते पडद्यावर उगवतात. शिवाय तो एके दिवशीं गर्दींत गेला, म्हणजे पैसे, कागद, फोटो आणि अर्धा लिहिलेला प्रकल्प हें सगळें एकदमच गेलें; प्रत दुसरीकडे ठेवलेली नसेल तर रडण्यापलीकडे हातीं कांहीं राहत नाहीं.

यावर कांहीं घरांनीं काढलेली तोड सांगण्यासारखी आहे. वरच्या मालिकेंतला तीन-चार वर्षांपूर्वींचा फोन, पडद्याला तडा गेला म्हणून किंवा नवा घेतला म्हणून, कपाटाच्या खणांत पडलेला असतो. त्याचा मेंदू शाबूत असतो आणि स्पर्शहि बहुधा चालू असतो. तो सिमकार्डावांचून, घरच्या वायफायवर, मॉनिटरला कायमचा जोडून ठेवावा. त्यास कोणी कचेरींत नेत नाहीं आणि त्यावर साहेबांचा निरोपहि येत नाहीं. विकत घ्यावयाचें राहतें तें कीबोर्ड, माऊस आणि सर्व तारा एकत्र करणारा एक यूएसबी-सी हब. मॉनिटर वापरलेला मिळाला तरी चालतो. हब घेतांना त्यास एचडीएमआय तार आणि चार्जर ह्या दोन्ही एकाच वेळीं लावतां येतात हें पाहून घ्यावें, नाहींतर अभ्यास चालू असतांनाच फोनची बॅटरी उतरावयाची. फोनला सुरक्षिततेच्या सुधारणा अजून मिळतात कीं नाहीं हें त्याच्या सेटिंग्जमध्यें तपासावें; सॅमसंगनें 2024 च्या एस-24 पासून सात वर्षांची हमी दिली आहे, परंतु त्याआधींच्या फोनांची मुदत कमी आहे. मुदत संपलेल्या फोनवर अभ्यास करण्यास हरकत नाहीं, बँकेचे व्यवहार मात्र त्यावर करूं नयेत. लिथियमची बॅटरी सदैव पूर्ण भरलेली आणि गरम राहिली कीं लवकर झिजते. म्हणून भरणी 80 टक्क्यांवर थांबविण्याची सोय असल्यास ती चालू करावी, फोनचें कव्हर काढून टाकावें, आणि तो पुस्तकांच्या चळतींत न ठेवतां वारा लागेल असा उभा ठेवावा. महिन्यांतून एकदां त्याची पाठ बोटानें चांचपून पाहावी. बॅटरी फुगूं लागली कीं पाठ कडेनें उचलली जाते. तसें दिसतांच तार काढावी, फोन बंद करावा आणि न दाबतां, न टोंचतां, तसाच दुरुस्तीच्या दुकानांत नेऊन द्यावा.